पहारेकऱ्याला अभय हवे

सनदी सेवेत असताना मंत्र्यांच्या इच्छेविरुद्ध टिपण लिहिण्याचे प्रसंग माझ्यावर अनेकदा आले. त्याची किंमत फार तर बदलीच्या रूपाने मोजावी लागे. नोकरी जात नसे. हे संरक्षण आपोआप मिळालेले नव्हते. ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत सरदार पटेलांनी सनदी सेवांना घटनात्मक हमी देण्याचा आग्रह धरला, तेव्हा सचिवाला आपले मत निर्भयपणे मांडता आले पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. भांडवल बाजारातील एका दुर्लक्षित पदाचा विचार करताना मला हा इतिहास आठवतो. ते पद म्हणजे दलाली पेढीतील अनुपालन अधिकारी.

शेअर दलालाच्या प्रत्येक पेढीला असा अधिकारी नेमावा लागतो. ‘सेबी’चे नियम पाळले जातात की नाही हे पाहणे, गुंतवणूकदारांच्या तक्रारींचे निवारण करणे आणि नियमभंग आढळताच तो तात्काळ व स्वतंत्रपणे ‘सेबी’ला कळवणे, ही त्याची कर्तव्ये. अडचण ‘स्वतंत्रपणे’ या एका शब्दात आहे. ज्यांच्याविरुद्ध कळवायचे, त्यांनीच त्याला नेमलेले असते. पगार तेच देतात आणि सेवासमाप्तीचे पत्रही तेच देऊ शकतात.

त्यात कामाचा भार वाढता आहे. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती. २०२४ अखेर ती १८ कोटींच्या पुढे गेली. ग्राहक वाढले, परिपत्रके वाढली. आणि महसूल आणणाऱ्या विभागाच्या दृष्टीने ‘हे करता येणार नाही’ असे सांगणारा सहकारी हा अडथळाच ठरतो.

अशा अडथळ्याची गरज किती असते, हे ‘कार्वी’ प्रकरणाने दाखवून दिले. हैदराबादच्या या पेढीने ग्राहकांच्या कुलमुखत्यारपत्रांचा गैरवापर करून त्यांचे समभाग तारण ठेवले व त्यावर कर्जे उचलली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सेबी’ने पेढीवर निर्बंध घातले, एप्रिल २०२३ मध्ये तिला सात वर्षांसाठी बाजारातून दूर केले. समभाग तारण ठेवले की त्याची नोंद होते, नोंदींचा मेळ घालावा लागतो. म्हणजे असे गैरव्यवहार सर्वप्रथम पेढीच्या आतच दिसू शकतात. प्रश्न आहे तो पाहणाऱ्याने बोलण्याचा.

२०२४ मधील नियमदुरुस्तीने दलाली पेढ्यांना ‘जागल्यां’साठी धोरण आखणे बंधनकारक केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु अनुपालन अधिकारी निनावी राहू शकत नाही. कळवणे हे त्याचे कामच असल्याने संशयाची सुई प्रथम त्याच्याकडे वळते. येथे रिझर्व्ह बँकेचा धडा गिरवण्याजोगा आहे. तिने सप्टेंबर २०२० मध्ये बँकांच्या मुख्य अनुपालन अधिकाऱ्याला किमान तीन वर्षांचा निश्चित कार्यकाळ दिला. संचालक मंडळाच्या पूर्वसंमतीविना त्याला मुदतीपूर्वी हटवता येत नाही आणि त्याच्यावर व्यवसायाची उद्दिष्टेही लादता येत नाहीत.

दलाली पेढ्या बँकांएवढ्या मोठ्या नसतात आणि अनेक ठिकाणी मालक हाच संचालक असतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच येथे संचालक मंडळाची संमती पुरेशी ठरणार नाही. अनुपालन अधिकाऱ्याला मुदतीपूर्वी हटवायचे असेल, तर पेढीने लेखी कारणे शेअर बाजाराला कळवावीत, आणि जाणाऱ्या अधिकाऱ्याला आपली बाजू थेट ‘सेबी’पुढे मांडता यावी. यात पेढीचा खर्च जवळपास शून्य आहे. कामचुकार अधिकाऱ्याला हे कवच लाभू नये, हेही खरे. पण कामचुकारपणा लेखी सिद्ध करणे प्रामाणिक मालकाला अवघड नसते.

पटेलांच्या आग्रहाचे मोल मला नोकरीच्या काळात, फाइलवर सही करताना कळले. कोट्यवधी सामान्यांची बचत ज्याच्या नजरेखालून जाते, त्या अधिकाऱ्यालाही ‘नाही’ लिहिताना हात थरथरू नये, एवढी व्यवस्था आपण करायला हवी.