बापलेकांच्या मधले यंत्र

एखादी जुनी, मोडकळीला आलेली स्पोर्ट्स कार मिळवायची, आईने किंवा बापाने मुलाला सोबत घेऊन तिचा सांगाडा उघडायचा, वर्ष-दोन वर्षे खपून ती पुन्हा उभी करायची आणि मग एखाद्या हौशी क्लबाच्या शर्यतीत ती घेऊन उतरायचे, हे कथानक इंग्रजी आत्मकथनांत आणि चित्रपटांत आपल्याला अधूनमधून भेटते. ब्रिटन, न्यूझीलंड, अमेरिका या देशांत असा छंद पिढ्यानपिढ्या जोपासणारी कुटुंबे आहेत. साहित्याच्या अध्यापकांनी मोटारींच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की या कथानकाचे जे वाचन रूढ झाले आहे ते आम्हांला चुकीचे वाटते, आणि वाचन हा तर आमचाच व्यवसाय आहे.

रूढ वाचन सर्वांच्या परिचयाचे आहे. गाडी हे केवळ निमित्त. खरा विषय पितापुत्रांचे नाते. अबोल बाप बोलू शकत नाही म्हणून पाना पुढे करतो, मुलगा तो घेतो, आणि जे ओठांवर येत नाही ते आटे पिळताना व्यक्त होते, वगैरे. हे वाचन हळवे आहे, यास आमची हरकत नाही. आमची हरकत अशी आहे, की त्यात गाडीला काही कामच उरत नाही. गाडी निव्वळ निमित्त असती, तर तिच्या जागी पत्त्यांचा डावही चालला असता. आमच्या मते त्या गॅरेजात दोन माणसे आणि एक वस्तू नसते. तिथे तीन पक्ष असतात. तिसरा पक्ष यंत्राचा, आणि तो कोणाचीही भीड ठेवत नाही. बापाचे वय, अनुभव, अधिकार यांना न जुमानता 'तुमचे चुकले' असे सांगणारा तिसरा मध्ये असतो, म्हणूनच त्या दोघांमधल्या देवघेवीला मोल येते.

मराठी वाचकाला ही गोष्ट चटकन पटणार नाही, त्याला वाङ्मयीन कारण आहे. आपल्या नवकवितेत यंत्र आले ते माणसाला क्षुद्र करणारी शक्ती म्हणून. मर्ढेकरांच्या १९४७ च्या 'काही कविता' या संग्रहापासून यंत्रयुग आणि माणसाचे तुटलेपण ही जोडी आपल्या समीक्षेत इतकी घट्ट बसली, की माणूस स्वतः उघडू शकतो, समजून घेऊ शकतो, दुरुस्त करू शकतो असेही यंत्र असते, याचा आपल्याला जणू विसर पडला. कारखान्यातला पट्टा माणसाला आपल्या गतीने धाववतो. गॅरेजातली जुनी गाडी माणसाच्या गतीची वाट पाहत थांबते. दोन्ही यंत्रेच, पण त्यांचे माणसाशी असलेले नाते एक नाही.

उदाहरणादाखल ऑस्टिन सेव्हन घ्या. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या विशीही न गाठलेल्या आरेखकाला हाताशी धरून आपल्या राहत्या घरी या गाडीचा आराखडा केला. १९२२ साली ती बाजारात आली आणि १९३९ पर्यंत तिचे उत्पादन चालले. सामान्य ब्रिटिश कुटुंबाला परवडणारी ही चिमुकली मोटार. तिचे प्रचलित इंजिन अवघे ७४७ घनसेंटिमीटरचे. ती पुष्कळ खपली, स्वस्त होती आणि खोलून बघायला सोपी होती, त्यामुळे हौशी शर्यतींचा पायाच तिच्यावर रचला गेला. तिच्या चाहत्यांनी १९३९ साली स्थापलेला क्लब इंजिनाच्या मापावरून ७५० मोटर क्लब असे नाव घेऊन वाढला. युद्धानंतर त्याने ऑस्टिन सेव्हनच्या भागांवर आधारलेल्या कमी खर्चाच्या शर्यती रूढ केल्या. पुढे 'लोटस' या नावाने गाजलेल्या कॉलिन चॅपमन यांची १९४८ सालची पहिली गाडीही एका जुन्या ऑस्टिन सेव्हनमधूनच निघाली.

या इंजिनाच्या क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याचे फिरण्यात रूपांतर करणाऱ्या दांड्याला, फक्त दोन टोकांना आधार असतो. मधला आधार नाही. वेग वाढला की तो दांडा लवतो, आणि फार ताणला तर तुटतो. त्या काळच्या बेअरिंगांत व्हाइटमेटल नावाच्या मऊ मिश्रधातूचा थर ओतलेला असे. तो हाताने जुळवायचा तर दांड्याला निळ्या रंगाचा पातळ लेप द्यायचा, बेअरिंग चढवून फिरवायचे, उघडून पाहायचे. जिथे निळा डाग उमटला तिथे धातू वर आलेला आहे. तेवढाच धारदार हत्याराने अलगद खरवडायचा. पुन्हा लेप, पुन्हा फिरवणे, पुन्हा उघडणे. डाग सगळीकडे सारखे उमटेपर्यंत हे चालू.

या निळ्या डागाकडे आम्ही साहित्याचे अभ्यासक म्हणून पाहतो. बाप म्हणतो, 'इथे ठीक आहे.' डाग म्हणतो, 'नाही.' मुलगी म्हणते, 'अजून थोडे खरवडू.' पुढच्या खेपेला डाग सांगतो, की जरा जास्तच खरवडले. यात अंतिम शब्द कोणाचाच नाही. बापाला जास्त कळते, हे खरेच. पण ते कळणे दर वेळी तपासले जाते, आणि तेही शिकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. चुकू शकणारा, चूक पाहून हात बदलणारा जाणता माणूस ज्या मुलाने जवळून पाहिला, त्याला केवळ कसब मिळत नाही. जाणतेपणा म्हणजे काय, हेच त्याला मिळते.

ब्रूस मॅक्लारेन यांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १९३७ चा, न्यूझीलंडमधील ऑकलंडचा. वडील लेस मॅक्लारेन यांचे रेमुएरा भागात गॅरेज होते आणि तेही शर्यतींचे शौकीन. ब्रूसला लहानपणी पर्थेस हा खुब्याचा विकार जडला. बालपणीचा मोठा काळ उपचारगृहात गेला आणि डावा पाय कायमचा आखूड राहिला. पुढे वडिलांनी ऑस्टिन सेव्हनची 'अल्स्टर' जातीची एक जुनी गाडी सुट्या भागांच्या रूपात विकत आणली. दुरुस्त करून विकावी, चार पैसे मिळवावेत, हा त्यांचा हेतू. मुलाने गाडी ठेवून घेण्याचा हट्ट धरला, बापलेकांनी मिळून ती उभी केली, आणि १९५२ साली मुरिवाय येथे चढणीच्या शर्यतीत ती घेऊन ब्रूस प्रथम उतरले. १९५९ साली सेब्रिंगला अमेरिकन ग्रां प्री जिंकली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. १९६३ साली त्यांनी स्वतःचा संघ काढला.

ही कथा बीज आणि वृक्ष या साच्यात सांगितली जाते: चिमुकली गाडी, मग जगद्विख्यात संघ. आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा तपशील. गाडी आली ती धंद्याचा माल म्हणून; तिचा वारसा झाला तो मुलाने मागितल्यामुळे. वारसा वरून खाली वाहत येतो, अशी आपली समजूत असते. इथे मागणी खालून वर गेली, आणि वडिलांनी नफा सोडून ती मान्य केली. मागितल्यावाचून जे मिळते ती मालमत्ता. वारसा मागावा लागतो, आणि मग त्याचे भाग एकेक करून जुळवावे लागतात.

येथे एक आक्षेप संभवतो. गाडी जुळवली, इतके पुरे नाही का? शर्यत कशाला हवी? आमच्या मते शर्यतीवाचून ही साक्ष अपुरी राहते. प्रदर्शनात मांडलेली, झगझगीत पॉलिश केलेली गाडी आपल्या कर्त्याला कधीच खोटे पाडत नाही. वळणावर ब्रेक दाबला, गिअर बदलला, इंजिन लाल होईस्तोवर पळवले, की मग कळते कोणता बोल्ट नीट कसलेला नव्हता. आपल्याकडच्या जुन्या ट्रकचालकांना ठाऊक असलेला 'डबल क्लच' या गाड्यांनाही लागतो. बाप तो शब्दांत समजावू शकतो. पायाने तो साधला नाही तर गिअरबॉक्स करकरून साऱ्या मैदानाला सांगते. १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबाने जुन्या गाड्या नुसत्या सांभाळल्या नाहीत, त्या पळवत ठेवल्या, यात आम्हांला शहाणपण दिसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पळवली की गाडी झिजते; झिजली की भाग बदलावे लागतात; मग शेवटी जुने काय उरले? हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयापुढे १९९० साली प्रत्यक्ष आला होता. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला, आणि ही मूळची गाडीच नव्हे, असे म्हणत खरेदीदाराने माघार घेतली. तिचे मूळ भाग फारच थोडे उरले होते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी तिची ओळख मान्य केली, कारण बदल होत गेले तरी तिचा इतिहास अखंड होता. ती मोडून नाहीशी झाली आणि मग दुसरीच कोणी तिच्या नावाने उभी राहिली, असे घडले नव्हते. संहितांच्या परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांना या निर्णयात ओळखीचा सूर ऐकू येईल. गाडीचे गाडीपण धातूत कमी आणि वापराच्या न तुटलेल्या साखळीत अधिक असते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो आम्हांला मान्य आहे. स्वस्त गाड्यांवर उभी राहिलेली ही हौस आज सर्वांच्या आवाक्यातली नाही. एक कोटी पौंडांच्या बेंटलीशी सामान्य गॅरेजाचा काही संबंध नाही. शिवाय यंत्राची साक्ष निर्दय असू शकते. २ जून १९७० रोजी गुडवुडच्या मैदानावर स्वतःच्याच संघाच्या गाडीची चाचणी घेताना मागचा पत्रा उखडला, गाडी भरकटली आणि ब्रूस मॅक्लारेन बत्तिसाव्या वर्षी गेले. तिसरा पक्ष भीड ठेवत नाही, असे आम्ही वर म्हटले, त्याचा हाही अर्थ आहे. तो विसरून या कथानकाचे गोडवे गाणे अप्रामाणिक होईल. आणि हे केवळ बापलेकांचेच क्षेत्र, हाही समज खरा नव्हे. स्टर्लिंग मॉस यांचे वडील १९२४ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत धावले होते, तशा आई एलीनही मोटारस्पर्धांत उतरत, आणि बहीण पॅट पुढे नामांकित रॅलीचालक झाली.

वाङ्मयात या विषयाचा दाखला म्हणून रॉबर्ट पर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) या पुस्तकाचे नाव हमखास घेतले जाते. बाप, मुलगा आणि यंत्र तिथे आहेतच. पण नीट वाचले तर दिसते, की मोटारसायकलची देखभाल बाप एकटाच करतो. क्रिस मागच्या आसनावर बसलेला असतो आणि प्रवासभर त्याच्यापुढे मुख्यत्वे बापाची पाठ असते. शेवटाकडे दोघे शिरस्त्राणे काढतात, मुलगा पायटेकांवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला पुढचे दिसू लागते. त्या पुस्तकातली व्यथा आमच्या मते इथे आहे. यंत्राविषयी बापाला सारे कळते. पण ते यंत्र दोघांच्या मध्ये कधी उघडे ठेवले गेले नाही.

हे वाचताना आम्हांला आमचे वर्ग आठवल्यावाचून राहत नाहीत. आपणही बहुधा विद्यार्थ्यांना मागच्या आसनावर बसवतो. कविता आपण आधीच घरी उघडलेली असते, जुळवलेली असते; वर्गात आणतो तो पॉलिश केलेला अर्थ, आणि त्याच्या नोट्स होतात. विद्यार्थ्याला दिसते ती अध्यापकाची पाठ. संहिता हा तिसरा पक्ष आहे, ती अध्यापकालाही खोटे पाडू शकते, हे त्याच्यासमोर घडतच नाही. मग वाङ्मयाची परंपरा पुढे जात नाही, असे म्हणून आपणच हळहळतो.

उपाय अवघड नाही, गैरसोयीचा मात्र आहे. आधी न शिकवलेली एखादी कविता वर्गात थेट उघडावी, आपला अर्थ मोठ्याने मांडावा आणि चौथ्या ओळीवर तो अडतो का, हे विद्यार्थ्यांना तपासू द्यावे. अडला तर तेवढाच खरवडावा, आणि पुन्हा फिरवून पाहावे. तास संपेपर्यंत डाग सगळीकडे सारखे उमटतीलच असे नाही. न उमटले तर काम पुढच्या तासावर जाईल. गॅरेजातही ते एका दिवसात कधी होत नाही.