मनगटावरचे इलॅस्टिक आणि प्रयोगशाळेतील स्प्रिंग

घड्याळाच्या दुकानात इलॅस्टिकचा कापडी पट्टा मागितला, की दुकानदार बहुधा दोन गोष्टी सांगतो. पहिली, "घट्टच घ्या, वापरून सैल होईल." दुसरी, "याला मापाची भानगड नाही, कुणाच्याही हाताला बसतो." दोन्ही वाक्ये रोजच्या अनुभवातून आलेली आहेत आणि दोन्ही अर्धीच खरी आहेत. माझे मत असे, की हा पट्टा मापानेच घ्यावा, शक्य तितक्या कमी ताणावर वापरावा आणि सैल पडून निकामी झाला म्हणजे कचऱ्यात न टाकता शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा. तिथे त्याचे खरे काम सुरू होते.

आधी मनगटाचे पाहू. पट्टा मनगटाला आवळतो तेव्हा त्वचेवर किती दाब पडतो, हे काढणे अवघड नाही. पट्ट्यातील ताणाला पट्ट्याची रुंदी आणि मनगटाची त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागले, की दाब मिळतो. मनगटाचा घेर १६ सेंटिमीटर धरला, तर त्रिज्या सुमारे अडीच सेंटिमीटर येते. पट्टा २ सेंटिमीटर रुंद आणि त्यातील ताण २०० ग्रॅम वजनाइतका, म्हणजे सुमारे २ न्यूटन, असे समजा. गुणाकार-भागाकार केल्यावर उत्तर येते सुमारे ४००० पास्कल. डॉक्टरांच्या भाषेत हा दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटर उंचीइतका झाला.

हा आकडा लहान नाही. निरोगी माणसाचा खालचा रक्तदाब ८० मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे एवढ्या दाबाने रोहिणी बंद होत नाही आणि हाताला रक्त पोचत राहते. पण त्वचेलगतच्या नीलांमधील दाब त्याहून पुष्कळच कमी असतो. त्या दबल्या, की आलेले रक्त परत जायला अडखळते. रक्त तपासायला घेताना दंडाला रबरी नळी बांधतात, ती याच तत्त्वावर : येणारे येऊ द्यायचे, जाणारे अडवायचे. दिवसभर घट्ट पट्टा घालणारा मुलगा हाच प्रयोग सौम्य प्रमाणात स्वतःवर करत असतो. शिवाय मनगट काही वाटोळे नाही, ते चपटे आहे. त्याच्या दोन्ही कडांना वक्रता जास्त, म्हणजे त्रिज्या कमी. म्हणून तिथे दाब अधिक. पट्टा काढल्यावर वळ कडांवर खोल आणि मध्ये फिका का दिसतो, याचे उत्तर त्या भागाकारात आहे. अरुंद पट्टा जास्त का रुततो, हेही त्यातच सापडेल.

मग घड्याळ जागच्या जागी राहायला किती ताण हवा? इथे घर्षणाकडे वळावे लागते. वाटोळ्या वस्तूभोवती पट्ट्याचा ताण सगळीकडे सारखा असेल, तर त्वचेवर पडणारा एकूण लंब भार ताणाच्या २π पट, म्हणजे सव्वासहा पटींहून थोडा अधिक असतो. ताण फक्त ५० ग्रॅम वजनाइतका घ्या. एकूण भार ३१४ ग्रॅम झाला. घर्षणांक ०.५ मानला, तर हा पट्टा १५७ ग्रॅम वजन न घसरता धरू शकेल. साधे हातघड्याळ ५० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे तिप्पट सोय झाली, आणि त्वचेवरचा दाब फक्त साडेसात मिलिमीटरच्या आत राहिला! धावताना, चेंडू फेकताना हाताला झटके बसतात, तेव्हा थोडा अधिक ताण लागेल, हे मान्य. पण वर्गात बसून गणिते सोडवणाऱ्या हाताला तो कशासाठी?

यावर कोणी म्हणेल, की एवढा कमी ताणच पुरत असेल, तर इलॅस्टिक हवे कशाला. चामड्याचा पट्टा काय वाईट? प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मते इलॅस्टिकचा खरा गुण इथेच कळतो. मनगटाचा घेर दिवसभर एकच राहत नाही. उन्हात, कामात हात थोडे फुगतात. मूठ वळली, मनगट वाकवले, तरी घेर बदलतो. चामड्याचा पट्टा जवळजवळ ताणला जात नाही. घेर तीन-चार मिलिमीटरनी वाढला, की त्यातील ताण एकदम चढतो. इलॅस्टिकच्या बाबतीत तेवढ्याच वाढीने ताण जेमतेम थोडासा वाढतो. थोडक्यात, इलॅस्टिक हे बदल सोसण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही. जो माणूस ते आधीच पुरते ताणून बांधतो, त्याने पैसे इलॅस्टिकचे दिले आणि पट्टा मात्र दोरीचा वापरला.

असे का होते, ते पट्टा उसवून पाहिल्यावर समजते. आत रबराचे किंवा स्पॅन्डेक्सचे धागे असतात. (स्पॅन्डेक्स हा कृत्रिम धागा ड्यू पाँ कंपनीतील रसायनतज्ज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली तयार केला, तो मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणता येतो.) हे धागे ताणलेल्या अवस्थेत ठेवून त्यांच्याभोवती सुती, नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे साधे धागे विणतात. ताण सोडला, की रबर आखडते आणि बाहेरच्या कापडाला बारीक चुण्या पडतात. पट्टा ओढताना आधी या चुण्या उलगडतात, तोवर सारा भार रबरावर असतो आणि पट्टा मऊ लागतो. चुण्या संपल्या, की कापडाचे धागे सरळ ताठ होतात आणि पट्टा अचानक 'अडतो'. त्या अडण्यापर्यंत पोचलेला पट्टा इलॅस्टिक उरतच नाही.

बक्कल नसलेल्या, हातातून सरकवायच्या पट्ट्यांना तर माप फारच महत्त्वाचे. अंगठा आत दुमडला तरी पंजाचा घेर २१ सेंटिमीटर भरतो, असे समजा. घड्याळासह सारा वेढा न ताणता साडेपंधरा सेंटिमीटर आहे. त्यातले ४ सेंटिमीटर घड्याळाच्या डबीचे. ती काही ताणली जात नाही. उरलेल्या साडेअकरा सेंटिमीटर पट्ट्यालाच सगळी वाढ सोसायची असते. मनगटावर तो १२ सेंटिमीटर होतो, म्हणजे वाढ चार टक्क्यांच्या जवळपास. पण पंज्यावरून जाताना १७ सेंटिमीटर, म्हणजे वाढ जवळजवळ ४८ टक्के. पट्ट्यावर दिवसातला सर्वांत मोठा ताण येतो तो घालता-काढतानाच्या त्या दोन क्षणांत! म्हणून डबीला धरून ओढू नये. बोटे जुळवावीत, अंगठा तळव्यात दुमडावा, दुसऱ्या हाताची दोन-तीन बोटे पट्ट्याच्या आत घालून तो सर्व बाजूंनी फाकवावा आणि सरकवावा. वेल्क्रोचा पट्टा असेल, तर आधी तो न ताणता चिकटवून पाहावा आणि मग हवा तेवढाच खेचावा. आपण बहुतेक जण आधी खेचतो आणि मग चिकटवतो. घड्याळ मनगटाच्या करंगळीकडील हाडाच्या उंचवट्यावर न ठेवता कोपराच्या बाजूला थोडे वर ठेवले, तर मनगट वाकवताना ते आड येत नाही.

आता शाळेकडे. स्थितिस्थापकता शिकवताना आपण पोलादी स्प्रिंग टांगतो, वजने लावतो, सरळ रेषेचा आलेख काढतो आणि रॉबर्ट हूकचे नाव घेतो. हा नियमही घड्याळाच्या शेजारीच वाढला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. घड्याळातील तोलचक्राला स्प्रिंग लावण्याची कल्पना कोणाची, यावरून १६७५ साली हूक आणि हायगेन्स यांच्यात मोठा वाद झाला. हूकने आपला नियम १६७६ मध्ये लॅटिन अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये तो उलगडून सांगितला : जेवढा ताण, तेवढे बल. त्याने पडताळून पाहिलेल्या वस्तूंत घड्याळाची गुंडाळलेली स्प्रिंगही होती. म्हणजे घड्याळाच्या आतील स्प्रिंगेने नियम दिला. त्या नियमाची हद्द घड्याळाबाहेरचा पट्टा दाखवतो. ही हद्द आपण शिकवत नाही, अशी माझी तक्रार आहे.

प्रयोगाला खर्च नाही. जुना इलॅस्टिक पट्टा, तो नसेल तर गणवेशातून काढलेली इलॅस्टिकची पट्टी, खिळ्याला टांगा. खाली प्लास्टिकची रिकामी बाटली बांधा आणि शेजारी मोजपट्टी लावा. बाटलीत प्रत्येक वेळी ५० मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे ५० ग्रॅम भार वाढला. दर वेळी एक मिनिट थांबून लांबी लिहा. ४०० मिलिलिटरपर्यंत गेल्यावर पाणी त्याच क्रमाने कमी करत पुन्हा लांबी लिहा. भार उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर तो सरळ येणार नाही : आधी मंद चढ आणि, भार पुरेसा असेल तर, पुढे एकदम उभा. परतीचा आलेख जाण्याच्या वाटेने येणार नाही, हे त्याहून महत्त्वाचे. त्याच भाराला परतताना लांबी जास्त भरेल. दोन वाटांमधले क्षेत्रफळ म्हणजे उष्णतेत गेलेली ऊर्जा. मग २०० ग्रॅम भार रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी लांबी पाहा. "वापरून सैल होईल" या वाक्याचा अर्थ तिथे मिलिमीटरमध्ये मिळेल. सैल होणे ही पट्ट्याची सोय नसून झीज आहे.

जोडीला एक रबरबँड घ्या. झटकन ताणून लगेच वरच्या ओठाला लावा; तो कोमट लागेल. ताणलेल्या अवस्थेत थोडा वेळ धरून मग सैल सोडा आणि पुन्हा लावा, गार लागेल. लहानपणी देवीच्या रोगाने दृष्टी गेलेल्या जॉन गफ या इंग्रज अभ्यासकाने हे नोंदवले आणि १८०५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पोलादी स्प्रिंगेत असे काही ओठाला कळत नाही.

शिक्षक मित्र यावर म्हणतात, की वाकडा आलेख पाहून मुले गोंधळतील. परीक्षेत सरळ रेषाच विचारतात. मला हे पटत नाही. "पोलाद रबरापेक्षा अधिक स्थितिस्थापक आहे" हे वाक्य मुले पाठ करतात आणि मनातून त्यावर विश्वास ठेवत नाहीत, कारण त्यांच्या अनुभवात ताणले जाते ते रबर. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० अब्ज पास्कल असतो आणि रबराचा त्याच्या हजारो पटींनी कमी, असे सांगितल्यानेही शंका फिटत नाही. पण रात्रभर टांगलेला पट्टा पूर्ण लांबीवर परतला नाही आणि शेजारची स्प्रिंग परतली, हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला 'सहज ताणले जाणे' आणि 'पुरते पूर्ववत होणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगावे लागत नाही. गोंधळ होतो तो न पाहिल्यामुळे.

हल्ली नाडीचे ठोके मोजणारी घड्याळे अनेक घरांत आली आहेत, त्यामुळे घट्ट बांधण्याला एक नवीन सबब मिळाली आहे. ही घड्याळे त्वचेवर बहुधा हिरवा प्रकाश पाडतात आणि परत येणारा प्रकाश रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर किती बदलतो, ते मोजतात. पट्टा फार सैल असेल, तर फटीतून बाहेरचा उजेड शिरतो आणि घड्याळ हलते, हे खरे. पण फार आवळला, तर ज्या रक्ताची लाट मोजायची तेच तिथून दाबून काढले जाते. व्यायामापुरता पट्टा थोडा आवळावा आणि नंतर सैल करावा.

राहता राहिली निगा. कापडी पट्टा घाम आणि साबण धरून ठेवतो. तो तसाच घट्ट राहिला, तर खालची त्वचा लाल होते, खाज सुटते. पट्टा रात्री काढून ठेवावा, आठवड्यातून एकदा साध्या साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळावा आणि सावलीत वाळवावा. रबराला ऊन सोसत नाही आणि तेलाने ते फुगते; तेव्हा डोक्याला खोबरेल लावून झाल्यावर हात धुवावेत आणि मगच घड्याळ घालावे. पोहण्याच्या तलावातील क्लोरीन स्पॅन्डेक्सला बाधते, म्हणून पोहून आल्यावर पट्टा लगेच नळाखाली धरावा.