झेड-८० चिप बंद झाली, मग जुने कम्प्युटर जिवंत कसे राहणार?

झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला घरगुती कम्प्युटर. रबरी बटणं, टीव्हीला जोडायचा, गेम कॅसेटवरून लोड करायचा. परवाना घेऊन काढलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतातही विकला गेला.

त्याचा मेंदू म्हणजे झेड-८० प्रोसेसर. १९७६ पासून मिळणाऱ्या या चिपच्या शेवटच्या ऑर्डर झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये घेतल्या. मग पुढे काय? उत्तर आहे एफपीजीए.

हे एफपीजीए म्हणजे काय?

साध्या चिपमधलं सर्किट कारखान्यातच पक्कं होतं. एफपीजीएमधलं सर्किट नंतर हवं तसं बदलता येतं. एम्युलेटर हे सॉफ्टवेअर असतं, ते जुन्या मशीनची नक्कल करतं. एफपीजीएमध्ये मात्र त्या मशीनचं सर्किटच नव्याने उभं राहतं. प्रोसेसर, चित्र, आवाज हे सगळे भाग खऱ्या मशीनसारखे एकाच वेळी चालतात. 'मिस्टर' या ओपन सोर्स प्रकल्पात तर एकच बोर्ड आज स्पेक्ट्रम, उद्या कमोडोर ६४ होतो.

मग प्रश्न मिटला?

पूर्ण नाही. एक, मशीनमधला रॉम कुणाच्या तरी मालकीचा असतो. स्पेक्ट्रमचा रॉम वाटायला ॲमस्ट्रॅडने परवानगी दिली, पण प्रत्येक कंपनी देईलच असं नाही. दोन, मूळ चिप आतून कशी चालते हे ज्याला जितकं कळलं, तितकीच त्याची प्रतिकृती अचूक. आणि ते तपासायला चालू स्थितीतलं जुनं मशीन लागतं.

म्हणून माळ्यावरचा जुना कम्प्युटर भंगारात देण्याआधी एकदा विचार करा.