मेलाटोनिनने अंगदुखी थांबते का? गोळी घेण्याआधी हे समजून घ्या

बटाट्याची काढणी, कांद्याची लागवड, पहाटेची धार आणि वीज रात्रीची असेल तेव्हा पिकाला पाणी. पेठ आणि सातगाव पठारच्या गावांत कंबर, मान, गुडघे दुखणे कोणाला नवे नाही. दुखण्यामुळे झोप लागत नाही आणि झोप न झाल्याने सकाळी दुखणे वाढते, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर आता मोबाइलवरच्या व्हिडिओंतून नवा उपाय सांगितला जातो, तो म्हणजे मेलाटोनिन. झोपही येईल आणि वेदनाही जाईल, असा दावा त्यात असतो. तो कितपत खरा आहे?

मेलाटोनिन म्हणजे काय?

मेंदूतील पिनियल ग्रंथीतून स्रवणारे हे संप्रेरक आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात आरोन लर्नर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ते वेगळे केले. अंधार पडला की ते वाढते, प्रखर उजेडात कमी होते. रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणे हे त्याचे काम. शाळेची घंटा वेळ सांगते, पण मुलांना वर्गात नेऊन बसवत नाही. मेलाटोनिनचेही तसेच आहे. नेहमीच्या झोपेच्या गोळीसारखी गुंगी ते आणत नाही आणि ते वेदनाशामकही नाही.

मग वेदनेशी संबंध जोडला कसा गेला?

झोप आणि वेदना यांचे नाते दुहेरी आहे. झोप अपुरी झाली की वेदना सोसण्याची शरीराची क्षमता घटते. त्यामुळे मेलाटोनिनचा वेदनेवरही उपयोग होतो का, हे संशोधकांनी तपासले. ब्राझीलमध्ये १९६ अर्धशिशीच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन घेणाऱ्यांचे डोकेदुखीचे दिवस महिन्याला सरासरी २.७ ने कमी झाले. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचे १.१ ने. मात्र त्याआधी २०१० मध्ये नॉर्वेतील छोट्या अभ्यासात २ मिलिग्रॅमच्या गोळीचा साखरेच्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नव्हता. आणि हे दोन्ही अभ्यास अर्धशिशीचे आहेत. पोती उचलून धरलेल्या कमरेला तोच निष्कर्ष लावता येत नाही.

निद्रानाशावर तरी उपयोग होतो का?

विमानप्रवासाने बिघडलेले किंवा पुढे सरकलेले झोपेचे वेळापत्रक जागेवर आणायला मेलाटोनिनची मदत होते. जुनाट निद्रानाशासाठी मात्र ते वापरू नये, असाच कल अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत दाखवला. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी सीबीटी-आय ही सवयी बदलण्याची पद्धत सुचवली होती. रोज ठरावीक वेळी उठणे, झोप आली तरच अंथरुणावर जाणे, जाग आल्यावर तळमळत पडून न राहणे, ही त्यातली मुख्य सूत्रे.

धोका कुठे आहे?

बाटलीवर लिहिलेले प्रमाण आत असेलच असे नाही. कॅनडात ३१ उत्पादने तपासली गेली, तेव्हा काहींत लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर काहींत ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन आढळले. रक्त पातळ करणाऱ्या, फिटच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. गर्भवतींनीही टाळावे.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. नऊला गोळी घेऊन झोपलेल्या शेतकऱ्याला वीज आली म्हणून बाराला उठावे लागते. डोळ्यांवर झापड, ओल्या हाताने स्टार्टर, पायाखाली साप आणि उसात बिबट्या. चाकणहून रात्रपाळी करून दुचाकीवर घाट चढणाऱ्या कामगारालाही अवेळी घेतलेली गोळी महागात पडू शकते.

मग करायचे काय?

तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल तर तपासणी करून घ्यावी. पायातली ताकद कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये. डॉक्टरांनीही कंबरदुखीच्या रुग्णाला दोन प्रश्न जरूर विचारावेत : रात्री किती तास झोपता आणि मध्ये कशासाठी उठता?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा औषधाच्या दुकानात सापडणार नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत दिवसा वीज द्या, ही मागणी आजवर बिबट्याच्या भीतीपोटी झाली. ती आरोग्याचीही मागणी आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ती किती वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचली, हे लोकप्रतिनिधींना आता विचारायला हवे. रात्रभर शेतात उभे राहावे लागणाऱ्या माणसाला 'नीट झोपा' हा सल्ला देऊन भागत नाही. त्याची रात्र आधी मोकळी करावी लागेल.