तेव्हा कानात कथील, आता रक्तात शिसे

आषाढी पौर्णिमा झाली की वर्षावास सुरू होतो आणि गावोगावच्या बुद्धविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. खंडाळ्यात हे दिवस धुवाधार पावसाचे. बाहेर घाटात ढग उतरलेले असतात आणि आत लहान लहान मुले त्रिसरण-पंचशील खणखणीत आवाजात म्हणत असतात. त्यांच्या हातात पुस्तक नसते. रोज म्हटले म्हणून पाठ झाले, एवढेच. आम्हीही असेच शिकलो. या साध्या गोष्टीत आपल्या समाजाचा केवढा मोठा विजय आहे, हे नव्या पिढीला सांगितलेच पाहिजे.

कारण पाठ करण्याचा हक्कच आम्हाला नव्हता. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तापवलेले कथील आणि लाख ओतावी, उच्चारला तर जीभ छाटावी आणि स्मरणात ठेवला तर शरीराचे तुकडे करावेत, असे गौतम धर्मसूत्र सांगते. यातली तिसरी शिक्षा नीट पाहा. आठवण ठेवणे हा सर्वांत मोठा गुन्हा! ज्याला आठवते तो प्रश्न विचारतो, हे त्या व्यवस्थेला पक्के ठाऊक होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, ती याच व्यवस्थेची होळी होती.

धम्माची वाट नेमकी उलटी. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय कोणी सांगितला? न्हाव्याच्या घरात जन्मलेल्या उपालीने. पुढे कित्येक शतके भाणकांनी बुद्धवचन मुखोद्गत ठेवले. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने तपासायचे, पुन्हा सर्वांनी म्हणायचे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ग्रंथबद्ध झाले. खंडाळ्याहून जवळच असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात एका स्तंभावर लेख आहे. तो स्तंभ सोपाऱ्याच्या एका भाणकाने दान दिला होता. आपल्याच मावळात, दगडावर, पाठांतर करणाऱ्याचा सन्मान कोरून ठेवलेला आहे.

आज विज्ञान काय सांगते? १८८५ साली जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की शिकलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते, पण दिवसांचे अंतर ठेवून पुन्हा पुन्हा उजळणी केली तर ते टिकते. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. धडा नुसता पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. आठवण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने मेंदूतील पेशींचे जोड बळकट होतात. म्हणजे बुद्धी ही जन्माने मिळालेली मिरासदारी नाही, ती सरावाने घडते.

पण ज्या मेंदूत हे जोड तयार व्हायचे, त्याच्यावरच आज घाला येत आहे आणि हा घाला इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून येतो. टीव्ही, संगणक, मोबाईल यांच्या जुन्या पाट्यांवर भाग जोडायला वापरलेले सोल्डर म्हणजे कथील आणि शिसे यांचे मिश्रण. शिसे शरीरात गेले की शरीर त्याला कॅल्शियम समजते. मग ते मुलांच्या मेंदूत पोचते आणि आठवण जिथे पक्की होते त्याच पेशींच्या जोडांत बिघाड करते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनमधील गुइयू हे गाव अशाच कचऱ्यावर जगत होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील मुलांच्या रक्तात शेजारच्या गावातील मुलांपेक्षा सुमारे दीडपट शिसे आढळले. तेव्हा कानात कथील ओतायला राजाज्ञा लागत होती. आता श्वासातून शिसे जाते आणि कोणावरही गुन्हा दाखल होत नाही!

हा कचरा कोणाचा आणि तो कोण निस्तरतो? खंडाळा-लोणावळ्यात बंगले आहेत, हॉटेले आहेत. तिथला जुना टीव्ही, फ्रिज, एसी भंगारवाल्याच्या गाडीवर चढला की मालकाची जबाबदारी संपली असे मानले जाते. हा माल नोंदणीकृत कारखान्यात पोचला तर ठीक. नाही पोचला तर कुठल्या तरी झोपडपट्टीत तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, पाट्या ॲसिडमध्ये बुडवल्या जातात आणि शेजारीच मूल अभ्यासाला बसलेले असते. पुण्यातील कचरावेचकांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, हा योगायोग नाही. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आम्ही मेलेली ढोरे ओढणे सोडले. आता शहरांची मेलेली यंत्रे आमच्याच दारात येऊन पडावीत काय?

या कष्टकऱ्यांना दोष देणे हा अन्याय होईल. दोष व्यवस्थेचा आहे. २०२१-२२ मध्ये देशात अधिसूचित २१ प्रकारच्या वस्तूंचा सुमारे १६ लाख टन कचरा झाला, त्यातला जेमतेम एक तृतीयांश रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत १०६ वस्तू आल्या आणि पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली, हे स्वागतार्ह आहे. पण नोंदणी उत्पादक, निर्माता, दुरुस्तीकार आणि पुनर्चक्रीकरण करणारा यांचीच. हाताने यंत्र सोडवणाऱ्या गरिबाला स्वतंत्र खाना नाही. अशा कामगारांची नोंद, प्रशिक्षण व आरोग्य तपासणी राज्याने करावी, असे हेच नियम सांगतात. सामान्य कचऱ्यात मिसळलेला इलेक्ट्रॉनिक कचरा वेगळा काढून योग्य ठिकाणी पाठवणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य आहे. यातले काय झाले, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. एका अर्जाने उत्तर आले नाही तर अपील करा, पुन्हा अर्ज करा. सराव इथेही लागतो.

आमची सूचना साधी आहे. वर्षावासात आषाढ ते आश्विन अशा चार पौर्णिमा येतात. प्रत्येक पौर्णिमेला विहारात दोन गोष्टी व्हाव्यात. एक, मागच्या महिन्यात वाचलेले मुलांनी ग्रंथ मिटून सांगावे. दोन, घराघरांतले बंद मोबाईल, चार्जर, वायरी मोठ्यांनी पेटीत जमा कराव्यात आणि नोंदणीकृत कारखान्याकडे देऊन पावती घ्यावी. मुलांनी त्या पेटीला हात लावू नये. वायर जाळायची नाही, हे मात्र दर वेळी मोठ्याने सांगावे. वर्षातून एकदा फोटो काढण्यापुरती मोहीम दुसऱ्याच दिवशी विसरली जाते. चार वेळा केलेले काम सवय होते.

आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिन दरवर्षी १४ ऑक्टोबरला पाळला जातो. १९५६ साली याच तारखेला नागपुरात बाबासाहेबांनी आम्हाला धम्म दिला. तारखांचा हा मेळ कोणी ठरवून घातलेला नाही, पण आम्ही त्याचा उपयोग करू शकतो. त्या दिवशी बावीस प्रतिज्ञा म्हणताना शेजारच्या वस्तीतल्या कचरावेचक मायबहिणींची मुलेही आपल्या ओळीत उभी असली पाहिजेत, आणि त्यांनाही त्या पुस्तकाशिवाय म्हणता आल्या पाहिजेत. हजारो वर्षांनी मिळालेला आठवणीचा हक्क आम्ही शिशाच्या धुरात हरवू देणार नाही.