स्टेपनीत हवा आहे का?



उसाच्या नोंदीपासून बिलापर्यंतचा हिशेब आता संगणकावर चालतो. लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र, काट्यावरचे वजन, तोडणी-वाहतूक, सोसायटीची वसुली, शेअरची रक्कम, सगळे एका थंड खोलीतल्या कपाटात साठलेले असते. पूर्वी खतावण्या डोळ्यांना दिसत. एखादीला वाळवी लागली तर ती कळत तरी असे. आताची खतावणी दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल विचारायचे कुणाला सुचत नाही. पण माझे स्पष्ट मत असे आहे की, हे विचारणे सभासदाचेच काम आहे. वजन आपल्या उसाचे आणि पैसा आपल्या घामाचा.

कुणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "काळजी नको, आपल्याकडे सगळे डबल आहे." डबल असणे चांगलेच. पण ट्रॅक्टरला स्टेपनी असणे वेगळे आणि स्टेपनीत हवा असणे वेगळे!

आधी हे 'डबल' म्हणजे काय ते पाहू. १९८८ साली अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एकच मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र जुंपाव्यात आणि त्यातली एखादी बिघडली तरी माहिती जाणार नाही अशी तजवीज करावी, हा त्याचा सारांश. या पद्धतीला 'रेड' म्हणतात. समजा, पहिल्या डिस्कवर १२ हा आकडा आहे, दुसरीवर ९. तिसरीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली. उद्या दुसरी डिस्क गेली तर २१ वजा १२, म्हणजे ९. गेलेला आकडा परत मिळाला. प्रत्यक्षातले गणित थोडे निराळे असते, पण तत्त्व हेच.

मात्र या सोयीला मर्यादा आहेत. वरच्या रचनेत एक डिस्क गेली तर भागते, दोन गेल्या तर सगळेच जाते. दोन जाण्याची सोय हवी असेल तर आणखी एक डिस्क खर्ची घालावी लागते. शिवाय नवी डिस्क बसवली की तिच्यावर माहिती पुन्हा भरायला कित्येक तास लागतात. तेवढ्या वेळात उरलेल्या डिस्कवर ताण वाढतो, आणि त्या बहुधा एकाच खरेदीतल्या, एकाच वयाच्या असतात. एक थकली तेव्हा बाकीच्याही थकत आलेल्या असू शकतात.

या सर्व डिस्कचा कारभार 'कंट्रोलर' पाहतो. चांगल्या यंत्रात असे दोन कंट्रोलर असतात. एक बंद पडला की दुसऱ्याने आपोआप काम हाती घ्यायचे, याला 'फेलओव्हर' म्हणतात. पण दोघांवर रोजच साठ-साठ टक्के भार असेल तर एकाने एकशेवीस कसे ओढायचे? आणि दोघांचीही वीज एकाच बोर्डावरून घेतली असेल तर एक फ्यूज उडताच दोघेही आडवे!

बॉयलरला पाणी देणारा जादा पंप आपण रंगवून कोपऱ्यात ठेवत नाही. तो अधूनमधून चालवून पाहतो, कारण बंद ठेवलेला पंप ऐन वेळी चालेलच याची खात्री कोणी देत नाही. संगणकाला मात्र हा नियम लावायचे राहून जाते.

याची किंमत मोठमोठ्यांनी मोजली आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या जगभर सेवा देणाऱ्या संगणक कंपनीत जोडीचा सर्व्हर मूळ सर्व्हरच्या मागे पडला. तो रुळावर आणण्याच्या खटपटीत एका तंत्रज्ञाने चुकून मूळ सर्व्हरवरचीच माहिती पुसली. राखीव प्रती काढण्याच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. प्रत्यक्षात रोजची प्रत निघतच नव्हती, आणि तसे कळवणारी ई-मेल कुणापर्यंत पोचत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेली एक प्रत होती म्हणून निभावले. त्या मधल्या सहा तासांची माहिती मात्र कायमची गेली.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. ती लागली वीज खंडित होऊ नये म्हणून ठेवलेल्या बॅटऱ्यांचे काम चालू असताना! ७०९ सरकारी यंत्रणा थांबल्या. सरकारी नोकरांची कागदपत्रे साठवणारी ८५८ टेराबाइटची व्यवस्था जळाली आणि तिची प्रत बाहेर कुठेही नव्हती. कारण सांगितले गेले की माहिती फार मोठी होती.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे. एका डिस्कवर चुकीचे वजन चढले किंवा कुणी नोंद पुसली, तर जोडीच्या डिस्कवरही तत्क्षणी तेच होते. दुसरी, एका छपराखालची जोडी एकाच संकटात जाते. ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तळमजल्यावर पाणी शिरले की ते पहिला सर्व्हर आणि दुसरा सर्व्हर असा भेद करत नाही.

काही जण म्हणतील, हा खर्च कशाला, आधीच कर्जाचा बोजा आहे. रास्त बोलणे आहे. पण मी नवी यंत्रे घ्या असे म्हणतच नाही. असलेली तपासा एवढेच म्हणतो. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे द्यावेत असा कायदा आहे. ऐन हंगामात वजनांच्या नोंदी गेल्या तर बिल कशावर काढणार? मग कुणाच्या हातात स्लिप राहिली आणि कुणाची हरवली यावर भांडणे लागतील, आणि त्यात भरडला जाईल तो दोन एकरवाला.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नुसते "बॅकअप आहे का?" असे विचारू नका. त्याला "आहे" एवढेच उत्तर मिळते. विचारायचे ते हे: मुख्य यंत्र मुद्दाम बंद करून दुसऱ्यावर काम शेवटचे कधी चालवले? राखीव प्रतीतून दहा सभासदांची खाती उघडून कागदी स्लिपांशी कधी ताडून पाहिली? आणि एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर, उंच जागी, मुख्य यंत्रापासून तोडून ठेवली आहे का? तारखेसह उत्तर मागा.

बंद हंगामात मिलचा नट-बोल्ट खोलून पाहतो, तसा एक दिवस या कामाला द्यावा. आधी पूर्ण प्रत काढावी, मग चाचणी घ्यावी, आणि बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी तिचा निकाल संचालक मंडळापुढे लेखी ठेवावा. चाचणीत काही बिघडले तर कुणाला दोष देऊ नये, उलट आभार मानावेत. जुलैत सापडलेला बिघाड हा डिसेंबरात वाचलेला ऊस आहे.

— एक सभासद