रिस्पेक्ट : मान, आदर कीं भीड?

आमचे एक वृद्ध स्नेही परवां सकाळींच आमच्याकडे आले. चहा पुढें ठेवला, तरी त्यांचें लक्ष त्याकडे गेलें नाहीं. खिशांतून एक छापील कागद काढून तो आमच्या हातीं देत ते म्हणाले, “तुम्ही शब्दांची चौकशी करीत असतां, एवढ्या एका शब्दाची करा. त्यानें आमचा घात केला आहे.”

हकीकत अशी. त्यांची कन्या शिक्षणासाठीं विलायतेंत गेली. शिक्षण पुरें होत आलें, तेव्हां तिनें परत येऊन पुण्यास राहावें, अशी इच्छा त्यांनीं तिला कळविली. तिचें उत्तर संगणकावर आलें. सुरुवात मराठींत, शेवट मराठींत. मुद्द्याचें वाक्य तेवढें इंग्रजींत : ‘बाबा, आय रिस्पेक्ट युअर विशेस.’ वडील समजले कीं, मुलगी येणार. त्यांनीं तिची खोली रंगवून घेतली, चार नातलगांस कळविलें. महिन्याभरानें तिनें तिकडेच नोकरी पत्करल्याची बातमी आली. तेव्हांपासून बापलेकींचें बोलणें बंद आहे. “आदर करतें म्हणाली आणि शब्द फिरविला,” हें त्यांचें गाऱ्हाणें.

शब्दाची चौकशी करण्याचें आम्ही कबूल केलें. ती येथें देत आहों, कारण हा शब्द आज प्रत्येक घरांत तोंडीं आहे. क्रिकेटचा चांगला फटका पाहून लहान मूलसुद्धां ‘रिस्पेक्ट!’ म्हणून ओरडतें.

शब्द मूळचा लॅटिन. ‘रे’ म्हणजे मागें किंवा पुन्हा, आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणें. वाटेनें पुढें गेलेला मनुष्य थांबून, मान वळवून पुन्हा एकदां पाहतो, तो रिस्पेक्ट. आंत डोकावणारा इन्स्पेक्टर, पुढें दिसणारा प्रॉस्पेक्ट आणि आमच्या नाकावरचे स्पेक्टॅकल्स हीं याच घराण्यांतील भावंडें. हें घराणें आपल्याला परकें नाहीं. वेदांत हेराला ‘स्पश्’ म्हटलें आहे; इंग्रजींतला ‘स्पाय’ही त्याच कुळांतला. माघानें शिशुपालवधाच्या दुसऱ्या सर्गांत, हेरांवांचून राजनीति म्हणजे पस्पशाह्निकावांचून व्याकरण, अशी कोटी याच शब्दावर केली आहे.

पाहण्याचा हा मूळ अर्थ ध्यानांत ठेवला, म्हणजे इंग्रजींतले पुष्कळ प्रयोग आपोआप उलगडतात. ‘विथ रिस्पेक्ट टु’ यांत मान कोणालाच दिलेला नसतो. ‘त्या गोष्टीकडे पाहतां’, म्हणजे ‘त्या बाबतींत’, एवढाच अर्थ. अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ सालीं पहिली दुरुस्ती झाली, तींत धर्मस्थापनेविषयींच्या कायद्याच्या संदर्भांत ‘रिस्पेक्टिंग’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘आदर करणारा’ असा केला, तर सारी दुरुस्ती भलतीकडे जाईल. तेथें अर्थ फक्त ‘संबंधीं’. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमें. आमच्या ओळखीच्या एका तरुणानें नोकरीच्या अर्जाखालीं ‘रिस्पेक्टफुली’ऐवजीं ‘युअर्स रिस्पेक्टिव्हली’ असें लिहिलें होतें. साहेबांच्या चेहऱ्यावर हंसूं कां आलें, हें त्याला घरीं आल्यावर कळलें.

विशेषणांतही असाच घोटाळा होतो. ‘रिस्पेक्टफुल’ म्हणजे दुसऱ्याशीं अदबीनें वागणारा. ‘रिस्पेक्टेबल’ म्हणजे स्वतः चारचौघांत अब्रूनें वावरणारा. पहिला गुण असलेल्यास दुसरी पदवी मिळेलच असें नाहीं, आणि दुसरी पदवी मिरविणारे कित्येक पहिल्या गुणांत अगदींच कोरडे असतात. तसेंच पत्रारंभीं ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिण्याची चाल मुख्यतः आपल्या देशांतली. इंग्रज वरिष्ठालाही ‘डिअर सर’च लिहितो. ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ लिहिण्यास सरावलेल्या आपल्या हाताला साहेबाला ‘प्रिय’ म्हणण्याचा धीर झाला नाहीं.

आमच्या मुलांच्या निबंधांत ‘गिव्ह रिस्पेक्ट टु एल्डर्स’ हें वाक्य हटकून सांपडतें. तें ‘मान देणें’ याचें शब्दशः रूप आहे. इंग्रजीचा स्वाभाविक प्रघात निराळा : क्रियापद असेल तर नुसतें ‘रिस्पेक्ट एल्डर्स’, नाम असेल तर पुढें ‘फॉर’. या भेदामागें दोन समाजांच्या चालीही दिसतात. आपल्याकडे मान हा देण्याघेण्याचा जिन्नस आहे. होळीचा मान पाटलाचा, लग्नांत मान विहिणीचा; तो द्यावयाचा राहिला तर मांडवांत तंटा. इंग्रजी रिस्पेक्ट पाहणाराच्या मनांत उपजतो. तो ताटांतून पुढें करतां येत नाहीं.

आतां मतभेदाचा प्रयोग. इंग्रज वकील न्यायाधीशास ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणाला, तर पुढें विरोध येणार हें समजावें. ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हणजे विरोध मोठा; आणि ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ म्हणजे आपलें म्हणणें निव्वळ चुकीचें आहे, असा अर्थ तिकडचे लोक विनोदानें सांगतात. ‘आय रिस्पेक्ट युअर ओपिनियन’ या वाक्याचेंही तसेंच. त्याच्या पाठोपाठ ‘बट’ यावयाचाच.

येथपर्यंत वाचून आमचे स्नेही खिन्नपणें म्हणाले, “म्हणजे चूक आमचीच. आम्हांस इंग्रजी कळलें नाहीं.”

आम्ही म्हटलें, “नाहीं. तुम्हांस तें बरोबर कळलें.” कारण रिस्पेक्टचा अर्थ त्याच्या कर्माप्रमाणें बदलतो. मताला रिस्पेक्ट म्हणजे ऐकून घेणें; तेथें मान्य करण्याचें बंधन नाहीं. परंतु कायद्याला रिस्पेक्ट म्हणजे तो पाळणें, आणि कोणाच्या इच्छेला रिस्पेक्ट म्हणजे बहुधा तिला अनुसरून वागणें. मृताच्या इच्छेचा रिस्पेक्ट केला असें इंग्रज म्हणतो, तेव्हां ती इच्छा पाळली गेली, असेंच ऐकणारा समजतो. मुलीच्या मनांत होतें तें मताविषयींचें वाक्य. कागदावर उतरलें तें इच्छेविषयींचें.

पण ही चूक व्याकरणाची आहे काय? ज्या मुलीनें क्षेमकुशल मराठींत लिहिलें, तिला नेमकें त्याच एका ओळीसाठीं परकी भाषा कां घ्यावी लागली? आम्हांस वाटतें, ‘बाबा, मी येणार नाहीं’ हें मराठी वाक्य तिच्या हातून उतरेना. आपल्या घरांत वडिलांपुढें ‘नाहीं’ न म्हणणें यालाच आदर म्हणण्याची रीत पडली आहे. ती खरी भीड होय, आणि भीड ही भिकेची बहीण, हें आपल्या वाडवडिलांनींच सांगून ठेवलें आहे.

वास्तविक ‘आदर’ या संस्कृत शब्दाचा अर्थही मुळांत लक्ष देणें, कदर करणें असाच आहे. मान तुकविणें हा नव्हे. आणि लक्ष एकाच बाजूनें द्यावयाचें नसतें. अमेरिकेंत ओटिस रेडिंग या गायकानें १९६५ सालीं ‘रिस्पेक्ट’ नांवाचें गाणें केलें. त्यांत कामावरून घरीं येणारा पुरुष बायकोकडे रिस्पेक्ट मागतो. दोन वर्षांनीं, १९६७ सालीं, अरीथा फ्रँकलिन या गायिकेनें तेंच गाणें स्त्रीच्या तोंडीं घातलें, आणि जगाच्या ध्यानांत राहिलें तें तिचें. घरांतला हा हिशेब दुहेरी असतो, हें त्या फेरफारानें सर्वांस कळलें.

मुलीचा दोष आम्ही झांकीत नाहीं. स्पष्ट नकार कळविला असता, तर खोलीचा रंग वांचला असता आणि नातलगांपुढें वडिलांची मान खालीं गेली नसती. पण स्नेह्यांस आम्ही एवढेंच विचारलें : तिनें तो नकार मराठींत लिहिला असता, तर तो तुम्ही आदर म्हणून वाचला असता कीं अवज्ञा म्हणून?

ते बराच वेळ गप्प होते. मग गार झालेला चहा त्यांनीं तसाच घेतला, कागदाची घडी केली आणि उठतां उठतां विचारलें, “विलायतेंत आतां किती वाजले असतील?”